नियम सतरावा आणि अक्काची दोन नावं

माझ्या सख्ख्या बहिणीला तिच्याच नवऱ्याची बायको मानायला नकार देणारा नियम मी लिहिला होता. लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हेही आधीच सांगून टाकते. त्या काळी आम्ही सगळेच नवशिके होतो, अशी सबब मी कधी देत नाही. मला काम चांगलं येत होतं. म्हणूनच तो नियम इतका पक्का झाला.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, कोरमंगल्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली घरमालक राहायचे आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास थेट आमच्या टेबलांपर्यंत यायचा. आम्ही आठ जण तिथे तज्ज्ञ प्रणाली बनवायचो. आमच्या साहेबांना ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणायला आवडायचं, कारण ते ऐकलं की गिऱ्हाईक खुर्चीत सरसावून बसायचं. प्रत्यक्षात काम साधं होतं. एखाद्या जाणकारासमोर वही घेऊन बसायचं, तो निर्णय कसा घेतो ते खोदून खोदून विचारायचं, आणि त्याच्या उत्तरांचे ‘असं असेल तर तसं’ असे नियम करून यंत्रात घालायचे. मग तो जाणकार रजेवर गेला तरी अडत नसे.

एक सरकारी कारखाना आमच्याकडे आला. तिथे कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या बायकोला किंवा मुलाला अनुकंपेवर नोकरी मिळायची. अर्ज साचत, वशिल्याच्या तक्रारी होत. अर्ज तपासून कोण पात्र आणि कोण अपात्र ते सांगणारं यंत्र त्यांना हवं होतं. ते काम मी हट्टानं मागून घेतलं.

हट्टाचं कारण माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते चिकपेटेत एका साड्यांच्या दुकानात नोकरीला होते, दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढे घड्या उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या. मला इंजिनिअरिंगला जागा मिळत होती, फक्त इथले रहिवासी असल्याचा दाखला हवा होता. कचेरीतल्या साहेबानं अण्णांना विचारलं, घरात कुठली भाषा बोलता? अण्णांनी खरं ते सांगितलं, मराठी. मग दाखला महाराष्ट्रातून आणा, असं साहेब म्हणाला. आमचं घराणं या शहरात कधी आलं ते आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही, इतकं ते जुनं आहे. अण्णांनी हे अजिजीनं सांगून पाहिलं. पण नियमात लिहिलं होतं, ‘अधिकाऱ्याची खात्री पटल्यास’. साहेबाची खात्री काही पटेना. अण्णा नऊ वेळा गेले, दर खेपेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून. दहाव्या वेळी खुर्चीत दुसरा माणूस होता. त्यानं तेच कागद पाहिले आणि चहाचा पेला खाली न ठेवता सही केली.

त्या दिवसापासून ‘खात्री’ या शब्दाशी माझं वैर जडलं. कायदा आणि माणूस यांच्या मध्ये खुर्चीवर बसलेला तो साहेब मला उचलून फेकायचा होता. यंत्र घरातली भाषा विचारणार नाही, नऊ चकरा मारायला लावणार नाही. मी पोटतिडकीनं कामाला लागले.

कारखान्याचे कायदा अधिकारी म्हैसूरकडचे होते, निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे. अनुकंपेचे अर्ज तेच बघायचे. महिनाभर मी त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या नियमपुस्तकातही ते शब्द होतेच: अर्जदार ही मृताची पत्नी असल्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटल्यास. मी विचारलं, खात्री कशी पटते? ते कानडीत म्हणाले, बाई समोर बसते, तिच्याशी बोलतो, शेजाऱ्याला विचारतो, कळतं. म्हटलं, कशावरून कळतं? ते हसले आणि डब्यातलं चित्रान्न, तो पिवळा फोडणीचा भात, माझ्यापुढे सरकवत म्हणाले, स्वल्प खाऊन घे. मी खाल्लं, पण वहीत लिहिलं, ‘खात्री: व्याख्या नाही. काढून टाकणे.’

त्या जागी मी नियम सतरावा घातला. अर्जदाराच्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि मृत कामगारानं भरलेल्या वारस-नोंदीतलं बायकोचं नाव जुळलं पाहिजे. लग्नानंतर बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, ते चालेल, एवढं औदार्य मी दाखवलं. पहिलं नाव मात्र तेच हवं. माणसाचं पहिलं नाव कशाला बदलेल?

कारखान्याच्या व्यवस्थापकांना हे इतकं पसंत पडलं की त्यांनी नियमपुस्तकच दुरुस्त करून घेतलं. नवं परिपत्रक निघालं आणि ‘अधिकाऱ्याची खात्री’ हे शब्द गळले. यंत्राला जे समजत नव्हतं ते नियमातूनच काढलं गेलं. मला वाटलं, मी अण्णांच्या नऊ खेपा वसूल केल्या.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. यंत्राला कारण विचारण्याची सोय मी केली होती. एक कळ दाबली की निर्णय कुठल्या नियमावर अडला ते पानभर छापून यायचं. आम्ही तिला ‘का’ची कळ म्हणायचो. कारखान्याला ती नको होती. छापील कारण हातात पडलं की लोक ते घेऊन कोर्टात जातात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या साहेबांनी मला ती बंद करायला सांगितली. मी दोन दिवस धुसफुसले आणि बंद केली.

त्यानंतर वर्षही झालं नसेल, माझे भावजी, अक्काचा नवरा, वारले. ते त्याच कारखान्यात टर्नर होते. सकाळच्या पाळीला सायकल काढताना छातीत कळ आली, तेवढंच निमित्त. अक्का तेव्हा छत्तीसची होती. बनशंकरीत भाड्याचं दोन खोल्यांचं घर, मुलगी दहावीत. अक्का स्वतः दहावी झालेली. अनुकंपेची नोकरी मिळाली तर घर टिकणार होतं आणि मुलगी पुढे शिकणार होती. नोकरी मिळायची तर मृत्यूपासून वर्षाच्या आत, नंतर अर्ज रद्द. तिला कसलीच काळजी नव्हती. माझ्या बहिणीनं केलेलं यंत्र आहे, तिथं वशिला लागत नाही, असं ती आळीत सगळ्यांना सांगत होती.

तिसऱ्या महिन्यात ती उत्तर घेऊन माझ्याकडे आली. पाकीट उघडलेलं होतं. दोनच ओळी होत्या: अर्जदार व मृत कर्मचारी यांचं नातं सिद्ध होत नाही. संगणकीय तपासणीनुसार अर्ज नामंजूर. खाली सही नव्हती.

“वाच की,” अक्का म्हणाली. “तुझ्या यंत्रानं मला काय म्हटलंय ते मला सांग.”

मला कळ दाबायची गरजच नव्हती. कागद हातात घेतला त्या क्षणी मला माझ्या बाराव्या वर्षातला एक मांडव दिसला. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. अक्काचं नाव तिच्या सासूनं आधीच ठरवलं होतं. भावजींनी ते लिहिलं, सगळ्यांनी ताट हातोहात फिरवलं, अक्काकडे ते सगळ्यात शेवटी आलं. तोवर तांदूळ हलले होते. तिनं पुष्कळ वेळ वाकून पाहिलं. मला आठवतं, ती आईला हळूच विचारत होती, काय लिहिलंय?

शाळेच्या दाखल्यावर तिचं पहिलं नाव होतं आणि भावजींच्या वारस-नोंदीत दुसरं. लग्नाची नोंद त्या काळी कोण करत होतं? यंत्राच्या हिशोबी त्या दोन वेगळ्या बायका होत्या.

आणि हे मला नियम लिहिताना सुचलं कसं नाही? त्याचं उत्तर मला माहीत आहे, ते शरमेचं आहे. माझ्या लग्नात तेच ताट माझ्यापुढे आलं तेव्हा मी तांदळावरून हात फिरवून ते नाव पुसून टाकलं होतं. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. पण मी ती चाल मोडली म्हणजे ती जगातूनच उठली, असं मी मनोमन धरून चालले होते. ज्यांना मोडता आली नव्हती त्या माझ्या वहीत आल्याच नाहीत.

मी आमच्या कंपनीतल्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, चूक कबूल केली तर आजवरचे सगळे निर्णय पुन्हा उघडावे लागतील, तू गप्प बस. बहिणीला नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करायला सांग, राजपत्रात छापून आण, म्हणजे यंत्र घेईल. मी कायदा अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी अक्काला पूर्वीच पाहिलं होतं, दसऱ्याला कारखान्याच्या आयुधपूजेला भावजींबरोबर ती दर वर्षी यायची. ते म्हणाले, “परिपत्रकाच्या आधी मी पाच मिनिटांत सही केली असती. ते शब्द तूच काढलेस, अम्मा. आता माझी खात्री पटली तरी तिला किंमत नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

उरला प्रतिज्ञापत्राचा मार्ग. वकिलानं मसुदा केला: मी अमुक, शपथेवर सांगते की मी माझं नाव स्वेच्छेनं बदललं. अक्कानं तो दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं. जन्मात कुणाला उलटून न बोललेली माझी बहीण.

“मी कुठं बदललं?” ती म्हणाली. “त्यांनी बदललं. मला विचारलंही नाही. आता तेच मी स्वेच्छेनं केलं म्हणून शपथ घेऊ? माझा नवरा माझाच होता हे सांगायला खोटं का बोलू?”

मी तिला खूप समजावलं. मुलीचं सांगितलं, वर्षाची मुदत सांगितली. ती हलली नाही. आणि खरं सांगायचं तर समजावता समजावता मलाच चेव चढला. तांदूळ पुसायला मला अठरा वर्षं लागली नव्हती, पण मला शिक्षण होतं, माझी नोकरी होती, मला सांभाळून घेणारा नवरा होता. तिच्याकडे आज काहीच नव्हतं आणि तरी ती पुसत होती.

कारखान्यात तक्रारी ऐकायला एक निवृत्त न्यायाधीश दर दुसऱ्या मंगळवारी बसायचे, कँटीनच्या बाजूच्या खोलीत. ते बेळगावकडचे, कानडी आणि मराठी दोन्ही घरची. अक्कानं त्यांच्याकडे अपील केलं. सुनावणीला जाशील तर परत येऊ नकोस, असं साहेबांनी मला बजावलं. मी सोमवारी ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर ‘का’ची कळ पुन्हा चालू केली, अक्काचा अर्ज घातला आणि कळ दाबली. प्रिंटर करकरत राहिला. पान निघालं: नियम सतरावा पूर्ण होत नाही. नियम लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, माझी.

मंगळवारी खोलीत आम्ही दोघी, कायदा अधिकारी आणि कारखान्याचा एक तरुण वकील. न्यायाधीशांनी दोन ओळींचं उत्तर उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, हा निर्णय कुणाचा? वकील म्हणाला, संगणकाचा. त्यांनी विचारलं, सही कुणाची? वकील म्हणाला, संगणकाच्या निर्णयावर सहीची पद्धत नाही. पक्षपात होऊ नये म्हणून माणूस मध्ये ठेवलेला नाही.

“म्हणजे चुकलं तर मी कुणाला विचारायचं?” न्यायाधीश म्हणाले. “ज्याला जाब विचारता येत नाही त्याचा निकाल मी कसा मानू?”

मी उभी राहिले. म्हटलं, मला विचारा, नियम मी लिहिलाय. आणि कडेला भोकं असलेलं ते लांब पान त्यांच्यापुढे ठेवलं. वकील हरकत घ्यायला उठला, त्यांनी हातानंच त्याला बसवलं. पान वाचून झाल्यावर ते माझ्याशी मराठीत बोलायला लागले.

“तुम्ही लग्नात नाव बदललात?”

“नाही.”

“का बरं?”

“मला ते मान्य नव्हतं.”

“आणि ह्यांनी?”

“तिला कुणी विचारलं नव्हतं.”

“तुमच्या यंत्रानं तरी कुठं विचारलं?” ते म्हणाले.

मी अण्णांच्या त्या कचेरीतल्या साहेबाला आयुष्यभर शिव्या घातल्या, पण त्याला निदान तोंड होतं. नऊ वेळा का होईना, अण्णा त्याच्यासमोर उभे राहू शकले होते. माझ्या यंत्रासमोर अक्काला उभंही राहता आलं नव्हतं.

मग ते अक्काकडे वळले. तुमचं खरं नाव कुठलं, असं त्यांनी विचारलं. अक्का उठली. पदर सारखा केला.

“एक नाव आईनं दिलं, एक सासूनं दिलं, साहेब,” ती म्हणाली. “नवरा एकच होता.”

निकाल पंधरवड्यानं आला. अक्काचा अर्ज अधिकाऱ्यानं तिला समोर बसवून पुन्हा तपासावा. यापुढे यंत्रानं नाही म्हटलं तर कारण छापून द्यावं आणि त्या कारणाखाली एका माणसानं नावानिशी सही करावी. आणि ‘खात्री पटल्यास’ हे शब्द नियमात परत घालावेत, मात्र खात्री पटली किंवा नाही पटली तरी का, ते लिहून द्यावं. हे शेवटचं वाचताना मला अण्णांची आठवण झाली. त्या साहेबाला नऊ वेळा कारण लिहून द्यावं लागलं असतं तर बहुधा त्यानं पहिल्याच दिवशी सही केली असती. कायदा अधिकाऱ्यांनी अक्काला बोलावलं, चहा पाजला, पाच प्रश्न विचारले आणि आपलं कारण चार ओळींत लिहून सही केली. वर्षाच्या मुदतीला पाच आठवडे शिल्लक होते.

साहेबांनी मला माफीपत्र लिहायला सांगितलं. मी त्यांच्याकडे वेगळंच मागितलं: आजवर सतराव्या नियमानं परत पाठवलेल्या अर्जांची यादी. निकाल एकाच अर्जाचा आहे, बाकीच्यांचं आपल्याला काय, असं ते म्हणाले. म्हटलं, माझ्या बहिणीला मी होते, त्यांना कोण आहे? त्यांनी माझ्या हातात राजीनाम्याचा कोरा कागद दिला. तो भरायला संध्याकाळपर्यंत वेळ होता. तेवढ्या वेळात मी जुने सगळे नामंजूर अर्ज एकेक करून यंत्रातून काढले आणि प्रत्येकावर ‘का’ची कळ दाबली. अकरा अर्ज सतराव्या नियमावर अडले होते. मी ती पानं न फाडता घडी घालून पिशवीत भरली आणि राजीनामा टेबलावर ठेवून जिना उतरले. ते कंपनीच्या शिस्तीत बसत नव्हतं हे मला माहीत होतं. आजही तशी वेळ आली तर मी तेच करेन. पुढे त्याच कंपनीनं ‘कारण सांगणारं यंत्र’ म्हणून मोठी जाहिरात केली असं ऐकलं. करोत बापडे.

ती अकरा नावं मी न्यायाधीशांपुढे ठेवली आणि त्यांनी अकराही जणींना एका मंगळवारी बोलावलं. अक्का तोवर कारखान्याच्या स्टोअरमध्ये रुजू झाली होती. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, अण्णा टाकायचे तशीच. तिच्या छातीवर कारखान्याचा बिल्ला होता. त्यावर एकाच नावाची जागा असते, पण तिनं कारकुनाशी दोन दिवस हुज्जत घालून बारीक अक्षरांत दोन्ही नावं लिहून घेतली होती, एकाखाली एक.

कँटीनच्या व्हरांड्यात बाकावर त्या सगळ्या बसल्या होत्या. काही कानडी बोलणाऱ्या, काही आमच्यासारख्या, एक तेलुगू. नाव न जुळण्याची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी होती. एकीला शाळेत मास्तरांनीच दुसरं नाव लावलं होतं, एकीला नवरा लाडानं हाक मारायचा तेच त्यानं नोंदीत लिहिलं होतं. काहींची वर्षाची मुदत कधीच उलटून गेली होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. अक्का त्यांच्या मधोमध जाऊन बसली. त्यांतल्या वयस्कर बाईनं तिला विचारलं, कशावरून नाकारलं ते काही कळलं का?

अक्कानं माझ्याकडे बोट दाखवलं. “नियम लिहिणारी ती. माझी बहीण आहे. तिलाच विचारा.”

अकरा जणींनी वळून माझ्याकडे पाहिलं. वयस्कर बाई उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कानडीत म्हणाली, “सांगा. का?”

मी पिशवीतून तिचं पान शोधून काढलं, तिच्या हातात दिलं आणि सांगायला लागले.